मास्तर, कुडता अंगावर बसला

आदरणीय मास्तर,

तुम्ही स्वतः हे वाचणार नाही, नातवाकडून वाचून घ्याल आणि मध्येच त्याला "पुढं चल" म्हणाल. तरी लिहितोय. दुकानात उभ्याउभ्या आभार मानायला लागलो की तुम्ही मशीन सुरू करता, मग माझं काही ऐकू जात नाही.

पहिल्या महायुद्धातल्या मराठा पलटणीच्या शिपायाचा गणवेश शिवून हवाय, असं सांगत मी आलो तेव्हा तुम्ही टेपला हातच लावला नाही. आधी विचारलंत, "हल्लीच्या मिलिटरीचा नाही ना?" सैनिक असल्याचं भासवायला सैनिकाचा पोशाख घालणं गुन्हा आहे, ही गोष्ट जुने गणवेश घालून इतिहास सांगणाऱ्या आमच्या हौशी मंडळींतल्या निम्म्यांना माहीत नसते. शंभर वर्षांपूर्वीचा आहे म्हटल्यावर तुम्ही चष्मा पुसलात आणि फोटो मागितलात. बराच वेळ पाहून म्हणालात, "अरे, हा तर कुडताच आहे!"

आणि होताच. त्या काळी हिंदी पायदळाचा शिपाई डोक्यातून घालायचा लांब खाकी कुडताच वापरायचा, इंग्रज अधिकारीही त्याला 'कुर्ता'च म्हणत. 'खाकी' हा फारसी 'खाक'वरून आला, म्हणजे धूळ. पायाला गुंडाळायच्या पट्टीचं इंग्रजांनी 'पटी' केलं. एवढं सगळं मी वाचून आलो होतो, पण कुडत्याला कुडता म्हणायचं मला सुचलं नव्हतं. मी आपला 'ट्युनिक, ट्युनिक' करत होतो.

त्याआधी मी एक गणवेश मागवून फसलो होतो. कोणाकडून, ते राहू दे. चार खिसे, ताठ कॉलर, रंग हिरवट. तुम्ही त्याच्या काठातून एक दोरा ओढलात, काडी पेटवलीत. दोरा जळला नाही, वितळला आणि टोकाला काळा कडक मणी झाला. "पॉलिस्टर," एवढंच म्हणालात. मग तुमच्या रिळाचा सुती दोरा पेटवलात. कागद जळल्यासारखा वास आला आणि चिमटीत राख उरली. तेव्हापासून मी काडेपेटी खिशात ठेवूनच कापड बघायला जातो. दुकानदार वैतागतात.

मग आपलं भांडण झालं. मला सगळा कुडता हातशिलाईचा हवा होता. 'हातानं शिवलेला' म्हटलं की आमच्या गटात मान मिळतो, खरं कारण तेवढंच. तुम्ही फोटोवर भिंग धरलंत आणि टीप दाखवलीत. सरळ, एकसारखी. "लढाईला हजारो कुडते लागतात. ते काय सुईनं बसून शिवले असतील? मशीनचेच आहेत." बरोबर होतं. १९१४ पर्यंत शिलाई मशीन चांगलंच जुनं झालं होतं. अठराव्या शतकातला लष्करी कोट असता तर हातशिलाईचा हट्ट शोभला असता. तुम्ही पायमशीनवर सरळ टीप मारलीत, ओव्हरलॉक कुठंही केलं नाहीत. कापडाच्या कडा एकमेकींत दुमडून आत लपवल्यात. हातानं केलीत ती फक्त काजं.

त्यातलं एक काज करताना मी समोर बसलो होतो. आधी चिरेच्या कडेनं एक जाड दोरा धरलात, मग त्यावरून टाका, टाक्याला गाठ, पुन्हा टाका, गाठ, सगळ्या गाठी अगदी कडेवर ओळीनं बसलेल्या. अंगुस्तान काढून तुम्ही त्यावरून नख फिरवलंत, एक गाठ अडखळली आणि सगळं काज उसवलंत! मला तर फरकही दिसला नव्हता.

उशिराबद्दल मी चिडलो होतो, त्याची माफी मागतो. ड्रिल, म्हणजे कुडत्याचं जाड सुती कापड, रात्रभर पाण्यात घालून, वाळवून, पुन्हा भिजवून मगच बेतणार म्हणालात, त्यात आठवडा गेला. पितळी बटणं शिवू नका, मागून कडी घालून अडकवा, म्हणजे कपडे धुताना काढता येतील, हे मात्र मी तुम्हाला सांगितलं. माझ्याकडून शिकलात अशी ही एकच गोष्ट, म्हणून नोंदवून ठेवतोय. आणि चहाच्या पाण्यात बुडवून कुडता जुना दाखवू या, असं मी सुचवल्यावर तुम्ही जे म्हणालात ते इथं लिहिता येत नाही. सौम्य भाषांतर असं, की डाग पाडायचे तर घालून पाड.

घातला, मास्तर. डिसेंबरात आम्ही शाळेच्या मुलांना आजच्या इराकमधल्या कुत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्याची गोष्ट सांगितली. सहाव्या पुणे डिव्हिजनमधल्या १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, अन्न संपेपर्यंत. पहाटे मैदानावर उभा राहिलो आणि वारा त्या सुती ड्रिलमधून सरळ आत आला. १९१४ मध्ये फ्रान्सला पोचलेले हिंदी शिपाईही अशाच सुती कपड्यांत उतरले होते, हे मी कितीदा तरी वाचलं होतं. ते वाचताना दात वाजले नव्हते. पॉलिस्टरच्या त्या गणवेशात मला उकडायचं फक्त.

एका मुलीनं विचारलं, "काका, तुम्ही हीरो आहात का?" मी म्हटलं, नाही, साधा शिपाई. तिचा चेहरा पडला. मी तिला साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीबद्दल सांगितलं, त्या एका गावातले ४६ जण त्या युद्धात मारले गेले आणि गावात त्यांचं स्मारक आहे. मग तिनं माझ्या बाहीचं कापड दोन बोटांत धरून पाहिलं. "माझ्या आजोबांच्या सदऱ्यासारखं आहे," म्हणाली. भरजरी, कडक इस्त्रीचा, मला हवा होता तसा गणवेश तुम्ही शिवून दिला असतात, तर तिनं हात लावला नसता.

कुडता आता काखेत थोडा विटलाय आणि डाव्या बाहीवर खरा डाग पडलाय. तिसऱ्या बटणाची कडी मैदानावर कुठंतरी हरवली. शनिवारी येतो. बरोबर एक मित्र असेल, त्यालाही कुडता हवाय. त्याला सगळा हातशिलाईचा पाहिजे म्हणतो. भिंग काढून ठेवा.

तुमचा,
उशिरावरून भांडणारा गिऱ्हाईक