बाईंनी अंगठ्याखाली झाकलेले जनुक

आदरणीय बाई,

सादर प्रणाम.

सी-अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या भ्रूणात कोणत्या पेशीने काय व्हायचे हे कसे ठरते, ते आपण मला समजावलेत. त्याचे आभार मानायचे राहून गेले आणि आपण निवृत्त झालात, म्हणून हे जाहीर पत्र.

आपल्याआधी हा विषय ज्यांच्याकडे होता, त्यांनी तो शिकवला असे म्हणवत नाही. फळ्यावर सोळा पेशींची आकृती काढायची, आठ मध्यम, चार मोठ्या आणि चार इवल्या पेशी मोजून दाखवायच्या आणि ‘एवढे पाठ करा, गुण हमखास’ असे सांगून पुढे जायचे, इतकेच ते शिकवणे. तळाच्या त्या इवल्या पेशींचे वंशजच डिंभाचा, म्हणजे अळी-अवस्थेतल्या पिलाचा, चुनखडीचा सांगाडा का रचतात, असे विचारले तर ‘अभ्यासक्रमात नाही’ हे उत्तर ठरलेले. स्वीडनचे भ्रूणशास्त्रज्ञ हॉरस्टाडियस यांनी 1930च्या दशकात याच पेशी भ्रूणाच्या वरच्या टोकाला बसवल्या, तेव्हा तिथल्या पेशींनी चक्क दुसरे आतडे घडवायला घेतले होते. शेजाऱ्यांचे भवितव्य बदलणाऱ्या पेशींची अशी बोळवण व्हावी, याचा मला आजही राग येतो.

जीवशास्त्रज्ञ एरिक डेव्हिडसन यांच्या, अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेतील गटाने मांडलेला जनुकांच्या परस्परनियंत्रणाचा नकाशा घेऊन मी आपल्याकडे आले, तेव्हा त्यातल्या बाणांच्या गुंत्याने पुरती हबकले होते. आपण व्याख्यान दिले नाहीत. ‘हेस-सी’ या जनुकाच्या नावावर अंगठा ठेवलात, “हे नाहीच असे धर; आता काय होईल?” एवढेच विचारलेत आणि थांबलात.

मी एकेक बाण धरून मागे जाऊ लागले. हेस-सी सांगाड्याच्या जनुकांना दडपून ठेवते. पण तळाच्या पेशींच्या केंद्रकांत बीटा-कॅटेनिन हे प्रथिन शिरते, त्यामुळे तिथे ‘पीमार-1’ हे जनुक जागे होते आणि ते हेस-सीलाच दडपते. दडपणाराच दडपला गेला, की ‘अल्क्स-1’ आणि ‘डेल्टा’ ही जनुके मोकळी होतात. म्हणजे हेस-सी झाकले, तर ही जनुके तळापुरती न राहता इतरत्रही चालू होणार! हे माझ्या तोंडून निघेपर्यंत आपण हूं की चूं केले नाहीत. मग अंगठा ‘डेल्टा’वर सरकला, आणि शेजारच्या पेशींवरच्या ‘नॉच’ या संकेत-ग्राहकापर्यंत डेल्टाचा संकेतच न पोहोचल्याने रंगद्रव्याच्या पेशी घडणार नाहीत, हे मला आपोआप सुचले.

हा नकाशा मुळात असाच तयार झाला, हे पुढे वाचनात आले: एका जनुकाचे काम रोखायचे आणि बाकीच्यांपैकी कोणती गप्प होतात, कोणती भलतीकडे बोलू लागतात, ते पाहायचे. आपण मला निष्कर्ष न देता थेट संशोधकाच्या जागी बसवले होते. समोरच्याला उत्तर सुचेल असा विश्वास धरून गप्प राहणे, हे सौजन्य मला त्यानंतर फार थोड्या माणसांत आढळले. विद्वान मात्र पुष्कळ भेटले.

सध्या मी सांगाड्याच्या त्याच पेशींना बाह्यस्तराकडून, म्हणजे भ्रूणाच्या बाहेरच्या थरातल्या पेशींकडून, मिळणाऱ्या ‘व्हीईजीएफ’ या प्रथिनाच्या संकेताविषयी वाचते आहे. तो रोखला, तर सांगाडा उभाच राहत नाही. आणि आपल्या शरीरात त्याच कुळातले संकेत रक्तवाहिन्यांना वाट दाखवतात. याबद्दल आपल्याशी सविस्तर बोलायचे आहे. आपल्याला सवड असेल त्या दिवशी कळवावे, मी घरी येईन.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी