एक जण घर सोडतो, करार तसाच राहतो

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

माझ्या मालकीची एकच सदनिका आहे. गेली 14 वर्षे ती मी भाड्याने देते. या काळात दोन जोडपी तिथे राहत असताना विभक्त झाली. पहिल्या वेळी माझे चुकले, म्हणून हे पत्र.

त्या जोडप्यातला नवरा एका संध्याकाळी दारात उभा राहिला. ‘उद्या निघतोय, माझी निम्मी अनामत द्या,’ म्हणाला. चेहरा पार उतरलेला. मी पैसे देऊन टाकले. ना काही लिहून घेतले, ना त्याच्या बायकोला विचारले. तिला एकटीच्या पगारात भाडे झेपेना, 3 महिन्यांचे थकले आणि शेवटी तिनेही घर सोडले. थकबाकी वळती करायला माझ्याकडे निम्मीच अनामत उरली होती. ‘सगळे माझ्याच वाट्यातून का कापता?’ असे तिने विचारले, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. दोघांच्या सहीचा करार सहसा संयुक्त असतो. पूर्ण भाड्याची जबाबदारी प्रत्येकावर असते, निम्म्या-निम्म्याची नव्हे. बॅग भरून निघाल्याने ती संपत नाही. हे त्याला ठाऊक नव्हते आणि मीही सांगितले नाही.

दुसऱ्या वेळी बायकोचा फोन आला, ‘काकू, कुलूप बदलून द्या, त्याला आत घेऊ नका.’ नाही म्हणताना मला फार जड गेले. पण करारावर त्याचेही नाव होते. त्याला परस्पर बाहेर काढण्याचा अधिकार मला नव्हता. मात्र ‘तो हात उगारतो का, भीती वाटते का?’ हे मी तिला एकटीला गाठून विचारले. तसे असते तर सगळेच बदलले असते. तिला पोलिसांची आणि कोर्टाची वाट दाखवायची, आदेश मिळाला की त्याच दिवशी कुलूप बदलायचे, ती निघून गेली तर नवा पत्ता कोणालाही द्यायचा नाही आणि नोटिशीच्या मुदतीसाठी तिला अडवायचे नाही. घरमालकाने एवढे तरी केलेच पाहिजे.

सुदैवाने तसे काही नव्हते. मग मी दोघांना एकच मजकूर लिहून पाठवला: कोण राहणार ते 15 दिवसांत ठरवा, तोवर भाडे दोघांकडून येणे आहे. ती राहणार होती. तिचा एकटीचा पगार पाहिला, तिचा भाऊ जामीन राहिला. जुना करार तारीख घालून लेखी संपवला. त्याआधी तिघांनी मिळून घर पाहिले, मीटरचा आकडा टिपला. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी मोडलेली होती. ‘ती माझ्याकडून मोडली,’ तो खाली बघत म्हणाला; तसे लिहिले. अनामतीचा हिशेब त्यांनी आपसात मिटवला आणि ती यापुढे तिच्या नावावर राहील, या कागदावर तिघांनी सह्या केल्या. मग त्याने जुडग्यातून किल्ली काढायला घेतली. नखाने जुडग्याची कडी उघडेना. आम्ही दोघी गप्प उभ्या होतो.

काही घरमालक अशा वेळी भाडे वाढवतात, काही एकाची बाजू घेऊन दुसऱ्याला बोल लावतात. मला दोन्ही पटत नाही. त्यांचा संसार का मोडला, हे ठरवणे आपले काम नाही.

कराराच्या छापील मसुद्यांत भिंतीला खिळे ठोकण्याविषयी कलम असते, पण दोघांपैकी एक जण निघाला तर काय, याविषयी ओळही नसते. जाणाऱ्याने किती दिवस आधी लेखी कळवायचे, अनामत कोणाच्या नावावर राहील, उरलेल्याला नवा करार कोणत्या अटींवर मिळेल, एवढे तरी त्यात असावे. मसुदे करणाऱ्या वकिलांनी आणि एजंटांनी ते घालावे, ही विनंती. माझ्या करारात मी ते घातले आहे.

आपली,
एक घरमालकीण