तासभर गप्प बसून काय होतं

सोन्या,

परवा फोनवर तू विचारलंस, आई तू दर रविवारी त्या क्वेकर लोकांकडे जाऊन तासभर नुसती गप्प बसतेस, त्यात धर्म कुठला आणि देव कुठला? तेव्हा गॅसवर कुकर होता म्हणून विषय बदलला, पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. व्हॉट्सअपवर मावणार नाही म्हणून हे पत्र.

बाबा गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात शेजारच्या काकू मला पहिल्यांदा मीटिंगला, म्हणजे त्यांच्या प्रार्थनासभेला घेऊन गेल्या. क्वेकर म्हणजे इंग्लंडात ख्रिस्ती धर्मातून निघालेला एक पंथ, ते स्वतःला फ्रेंड्स म्हणवतात. गोलाकार खुर्च्या, मधे टेबलावर फुलं आणि दोन-तीन पुस्तकं, बस्स. ना पाद्री, ना भजन, ना घंटा. सगळे शांत बसतात, कोणाला आतून खरंच काही बोलावंसं वाटलं तर तो उभा राहून दोन मिनिटं बोलतो आणि खाली बसतो, त्याला कोणी उत्तर देत नाही, खोडून काढत नाही, परत शांतता. मी रडायला लागले तर कोणी जवळ येऊन समजूत घातली नाही, शेजारच्या बाईंनी फक्त टिश्यूचं पाकीट माझ्या खुर्चीवर ठेवलं. तासाभराने दोन एल्डर्सनी, म्हणजे प्रार्थनेकडे लक्ष ठेवणाऱ्या दोघांनी, हात मिळवले, मग सगळ्यांनी आजूबाजूच्यांशी, आणि मीटिंग संपली. नंतर तीन आठवडे आपल्या दाराशी डबे येत होते, तुला आठवतंय ना, शाकाहारीच हवं ना हे आधी विचारून.

आता देवाचं. आमच्यात कोणी येशूला मानतं, कोणी देव हा शब्दच वापरत नाही, एकजण बौद्धही आहेत. हा पंथ सुरू करणाऱ्या जॉर्ज फॉक्सने सतराव्या शतकात सांगितलं की प्रत्येक माणसात देवाचं काहीतरी असतं, म्हणून मधे पुरोहित लागत नाही. लहानपणापासून घरी हरिपाठ ऐकलेल्या मला ते परकं वाटलंच नाही. पण सगळे क्वेकर असेच असतात असं समजू नकोस हं, जगात सगळ्यात जास्त क्वेकर केनियात आहेत आणि तिथे पास्टर असतो, जोरात गाणी असतात. आणि मी वर्ध्याची, तरी सेवाग्रामला गांधीजींच्या नई तालीम शिक्षणाचं काम केलेल्या मार्जरी साइक्स क्वेकर होत्या हे मला इथे बर्मिंगहॅमला येऊन कळलं.

पण मला खरी बांधून ठेवते ती प्रार्थना नाही, बिझनेस मीटिंग, म्हणजे कारभाराचे निर्णय घ्यायची सभा. मागच्या वर्षी हॉल गरम ठेवणारा जुना बॉयलर काढून विजेवरचा हीट पंप लावायचा विषय निघाला, 2011 मध्ये कँटरबरीच्या वार्षिक सभेत ब्रिटनच्या क्वेकरांनी कार्बन कमी करायचं ठरवलंय, त्यामुळे बहुतेकांना ते पटलेलंच होतं, मलाही. तेवढ्यात ऐंशीच्या पुढचे एक आजोबा उठले आणि म्हणाले, हे पैसे गेले तर गुरुवारचं जेवण बंद पडेल. गुरुवारी आश्रय मागायला आलेले लोक आपल्या हॉलमध्ये जेवतात ना, ते. आपल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये काय झालं असतं सांग, हात वर करा, बहुमत, संपला विषय. इथे मतदानच नसतं. सभा चालवणाऱ्या क्लार्कबाईंनी सगळ्यांना पाच मिनिटं शांत बसायला सांगितलं आणि विषय पुढच्या महिन्यावर टाकला. मला रागच आला होता, एका माणसासाठी सगळं अडलं म्हणून. महिनाभर एकेक जण आजोबांकडे चहाला गेले, मीही गेले, त्यांनी मला वहीच दाखवली, दर गुरुवारी किती ताटं लागली ते पेन्सिलीने लिहिलेलं. पुढच्या महिन्यात ठरलं की आधी छताचं इन्सुलेशन, जेवण चालू, पंपासाठी वेगळा फंड. क्लार्कबाईंनी तिथल्या तिथे मिनिट, म्हणजे निर्णयाची नोंद, लिहिलं, वाचून दाखवलं, विचारलं, मंजूर आहे का, आणि सगळे म्हणाले, "होप सो". मंजुरी द्यायची त्यांची हीच पद्धत. आजोबाही म्हणाले.

मला वाटतं श्रद्धा एक असणं म्हणजे हेच, की समोरच्यातून आपल्याला माहीत नसलेलं काहीतरी खरं येऊ शकतं यावर सगळ्यांचा विश्वास. मी अजून मेंबर नाही, अटेंडरच आहे, म्हणजे नुसती येणारी. मेंबर व्हायचं तर दोन फ्रेंड्स भेटून निवांत बोलतात, मग एरिया मीटिंग, म्हणजे आजूबाजूच्या मीटिंग्जची एकत्र सभा, ठरवते. माझ्या देव्हाऱ्याचं काय असं मी विचारलं तर एकजण म्हणाल्या, दिवा लावत जा की. अजून ठरलं नाहीये माझं, घाईही नाही.

तू सायकॉलॉजी शिकतोयस म्हणून एक सांगते, तुझ्या यॉर्कमध्येच विल्यम ट्यूक नावाच्या क्वेकर चहा व्यापाऱ्याने 1796 मध्ये रिट्रीट नावाचं मनोरुग्णालय सुरू केलं, मनोरुग्णांना साखळदंडाने बांधायचे त्या काळात तिथे माणसासारखं वागवलं. तिथलं क्वेकरांचं मीटिंग हाउस फ्रायरगेटला आहे. जाच असं म्हणत नाही, एखाद्या रविवारी फार एकटं वाटलं तर दार उघडं असतं एवढंच.

सुट्टीत येशील तेव्हा गुरुवार धरून ये. वरण-भात माझ्याकडे असतो, कांदा चिरायला माणूस कमी पडतो.

तुझी
आई