पाणी चढलं की पक्षी जातात कुठे?

नेरूळ, नवी मुंबई
१२ फेब्रुवारी २०२६

प्रिय अव्या,

पत्र मिळालं. "अभयारण्य झालं, रामसरचा शिक्का बसला, आता तुमच्या रोहित पक्ष्यांना कसली चिंता? तुम्हाला नुसती ओरडायची सवय," असं लिहिलंयस. तुझी जीभ मला शाळेपासून ठाऊक, म्हणून राग मानत नाही. पण उत्तर देणं भाग आहे, आणि ते फोनवर मावणारं नाही.

ठाणे खाडीचं रोहित म्हणजे फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, जवळपास १,७०० हेक्टरचं. २०२२ मध्ये खाडी रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. दोन्ही गोष्टी चांगल्याच झाल्या, त्यासाठी खपलेल्या माणसांना माझा दंडवत. पण हे पक्षी त्या हद्दीत निम्माच दिवस काढतात. उरलेल्या निम्म्या दिवसाचं काय, एवढंच माझं भांडण आहे.

तू धरणाकाठचा माणूस. तुमच्याकडे पाणी आवर्तनाच्या, म्हणजे कालव्याला पाणी सोडायच्या पाळीच्या तारखेनं हलतं, आमच्याकडे चंद्राच्या हिशेबानं. ओहोटी लागली की खाडीत लांबवर चिखल उघडा पडतो. आपल्याला ती घाण वाटते, वासाचं तर विचारूच नकोस. पण त्या चिखलात किडे, कृमी, बारीक शिंपले खच्चून भरलेले असतात आणि वरच्या थरात सूक्ष्म शेवाळ. छोटा रोहित मान खाली सोडून चोच उलटी धरतो आणि जिभेनं पाणी आतबाहेर करत ते शेवाळ गाळून घेतो. पाणटिवळा हा चिखलातला पक्षी लांबलचक चोच पार मुळापर्यंत चिखलात खुपसतो. वरून काही दिसत नाही, सगळं काम चोचीच्या टोकाच्या स्पर्शावर. चिखल्याची चोच आखूड, तो डोळ्यांवर चालतो. चार पावलं धावला, थबकला, टिपलं, पुन्हा धावला. तासन् तास बघत बसावं असं हे काम आहे, आणि मी बसतो. सौ.ला ते पटत नाही, पण तो विषय वेगळा.

मग भरती चढू लागते आणि पाच-सहा तासांसाठी समोरचं ताट उचललं जातं. आता जायचं कुठे? रोहिताचे पाय उंच, तो थोडा वेळ तग धरतो. टिलवा मात्र चिमुकला पक्षी, वजन पंचवीस ग्रॅमच्या आसपास आणि पाय बोटभर. बदकासारखं तरंगत राहणं त्याच्या नशिबी नाही. तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या फांदीवर बसावं, तर यातल्या बऱ्याच पक्ष्यांचं मागचं बोट एवढंसं, काहींना तर नाहीच. फांदी पकडणार कशानं? त्यांना लागते खाडीलगतची उघडी, सपाट जागा. घोट्याएवढं पाणी किंवा ओली जमीन, आणि चारी बाजूंनी नजर जाईल अशी, म्हणजे ससाणा किंवा कुत्रं आलं तर वेळेत उडता येतं.

अशा जागा म्हणजे भांडुपकडची मिठागरं, आमच्या नेरूळचे डीपीएस, एनआरआय, चाणक्य हे तलाव, पलीकडे उरणची पाणजे पाणथळ. यातल्या बहुतेक अभयारण्याच्या रेषेबाहेर. कागदावर त्या 'मोकळ्या जमिनी' आहेत, आणि मुंबईत मोकळी जमीन म्हटल्यावर पुढचं तुला सांगायला नको. मिठागरांवर घरं बांधायचे बेत तर उघडच चालू आहेत.

'एक तळं गेलं तर दुसरीकडे बसतील' असं म्हणणारे मला भेटतात. नाही रे, बसत नाहीत. जागा मिळाली नाही की थवे भरतीभर हवेत फिरत राहतात आणि अंगावरची चरबी जाळतात. आणि हीच वेळ ती साठवायची. आता उन्हं तापतील तसे टिलव्या-चिखल्यांसारखे हे पक्षी सायबेरियाकडे, काही लडाख-तिबेटकडे निघतील. निघण्याआधी काही जातींचं वजन दुपटीच्या घरात जातं. इथे ते जमलं नाही तर पुढच्या मुक्कामाला पोचायची खात्री नाही.

डीपीएस तलावाचं उदाहरण ताजं आहे. भरतीचं पाणी आत येण्याची वाट बुजली, तलाव सुकत गेला आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तिथे मेलेले रोहित सापडले. त्याच वर्षी मे महिन्यात घाटकोपरवर रात्री विमानाची धडक बसून चाळीसच्या आसपास गेले. बसायच्या जागा मोडल्या म्हणून थवे भलत्या वाटेनं उडाले, असं पुष्कळांनी म्हटलं. मला ते शक्य वाटतं, पण शपथेवर सांगणार नाही. तलावाचं मात्र नंतर बरं झालं. २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळानं तो संवर्धन राखीव क्षेत्र करायला मंजुरी दिली. म्हणजे ओरडण्यानं कधी कधी काम होतं, एवढं तरी मान्य कर!

आता तुझ्या पाटबंधारे खात्याला लागणारी गंमत ऐक. २०१७ च्या पाणथळ नियमांनी माणसानं सिंचनासाठी, पिण्यासाठी, मिठासाठी बांधलेली पाणी-ठिकाणं व्याख्येतूनच वगळली आहेत. मिठागर माणसानं केलेलं, म्हणून ते पाणथळ नाही. मग तुमचं नांदूर मध्यमेश्वर काय आहे? इंग्रजांच्या काळात गोदावरी-कादवाच्या संगमाखाली बांध घातला कालव्यांसाठी, त्यात गाळ साचला, पाणवनस्पती वाढल्या, पक्षी आले, आणि महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ कुठलं तर तेच. तिथे माणसाचा हात चालतो, भांडुपला का चालू नये? पक्षी काही बांधकाम परवाना बघून उतरत नाहीत.

तिवरांचं आणखी एक. ती तोडू नयेत हे खरंच. पण गाळ साचेल तशी ती खाडीत पुढे सरकतात आणि उघडा चिखल आक्रसतो. हिरवं ते सगळं चांगलं असं धरून चाललं की हे नजरेतून निसटतं.

होळीनंतर दोन-तीन दिवसांनी ये. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो, हा कोकणातला जुना हिशेब. द्वितीया-तृतीयेला दुपारी दीड-दोनच्या सुमाराला पाणी भरतं. सकाळी ओहोटीला खाडीवर जाऊ, बारापासून तलावाकाठी बसू. थवे कसे येतात ते तूच बघ, मग हवं तेवढं भांड. दुर्बीण माझ्याकडे आहे, टोपी तुझी तू आण. आणि द्राक्षं. निफाडची म्हणून इथे काय विकतात ते बघशील तर रडशील.

यंदा नांदूरला आवर्तनं कधी सुटणार तेही कळव. मार्चमध्ये पाणी एकदम उतरलं तर काठावरच्या शेकाट्या पक्ष्यांचं काय होतं, हे मला तुझ्याकडून ऐकायचंय. माईंना साष्टांग नमस्कार.

तुझा,
मिलिंद