डबा कोणाबरोबर खातेस?

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू हसत सांगितलंस म्हणून मीही हसलो. रात्री झोप लागली नाही. तुझ्या आईला यातलं काही बोललो नाही.

वाळूजच्या कंपनीत लागून तुला दोनच महिने झालेत. रिजेक्शनचा, म्हणजे नापास मालाचा हिशोब चुकतोय हे तुझं तुलाच दिसलं, रात्री जागून तू तक्ता केलास. साहेबांनी मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत शाबास म्हटलं, आणि दुसऱ्या दिवसापासून कँटीनमध्ये तुझ्या टेबलाला कोणी बसेना.

अभिमान वाटला गं. बापूला दोनदा सांगितलं, तक्त्याचं तेवढंच. पण मग डबा एकटीच खातेस का?

ज्यांनी दहा वर्षं तो हिशोब लिहिला, त्यांना तुझं कौतुक ऐकूच गेलं नसंल. आपली चूक तेवढी ऐकू गेली. आधी त्यांच्यापाशी जायचं, "काका, हे असं काहून लिहितात?" म्हणून विचारायचं. तक्ता त्यांच्या हातानं साहेबाकडं गेला असता तर काय बिघडलं असतं? अन् साहेबाचंही सांगतो. आज शाबास म्हणतोय, पण उद्या त्याला डावलून वर काही बोललीस की "लई शहाणी झाली" हेही तोच म्हणणार. नवी असताना तर...

लागलो बघ शिकवायला. रागावू नको.

मी 1993 ला कचेरीत नोकरीला चिकटलो, अन् दोन महिन्यांत 30 सप्टेंबरचा भूकंप. लोक गणपती बोळवून झोपलेले. पुढं किल्लारीकडच्या पंचनाम्यांची बोचकी भाऊसाहेबांच्या टेबलाखाली पडून राहिली. मी न विचारता उघडली, तीन रात्रींत गावनिहाय रजिस्टर केलं. साहेब खूश. भाऊसाहेब दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटायचं, जळतात. मग शिपायानं सांगितलं, एका बोचक्यात त्यांच्या बहिणीच्या घराचा पंचनामा होता.

रजिस्टर कामाला आलं, ते खरंच. तू हात आखडता घेऊ नको. ही खोड तुझ्या आजीची, जायची नाही. पण दुपारी कोणी तरी सोबत असतं का, एवढं कळव.

रविवारी बापू येतोय. धपाटे अन् शेंगदाण्याची चटणी पाठवतोय. धपाटे पंचवीस आहेत. तुझ्या मैत्रिणींना लई आवडतात, असं मीच आईला सांगितलंय.

तुझा,
नाना