क्युरासाओचा संघ काल जन्मलेला नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कॅरिबियन समुद्रातले क्युरासाओ बेट २०२६ च्या फुटबॉल विश्वचषकाला पात्र ठरल्यावर आपल्या क्रीडापानावर आलेला लेख वाचला. ‘दीड लाखांचे बेट विश्वचषकात, दीडशे कोटींचा देश घरी’ हा मथळा टाळ्या घेणारा आहे. नेरुळपासून घोडबंदरपर्यंतच्या टर्फवर तो आता म्हणीसारखा वापरला जाईल. पण लेखातले काही तपशील चुकले आहेत, आणि जो तपशील सगळ्यात मोठा, तो लेखात आलेलाच नाही.

आधी नाव. लेखात सर्वत्र ‘कुराकाओ’ छापले आहे. मूळ नावात (Curaçao) ‘c’ या अक्षराखाली शेपटी असते, त्यामुळे उच्चार ‘स’ होतो. म्हणून क्युरासाओ.

‘२०११ मध्ये स्थापन झालेला संघ’ ही चूक मात्र मोठी आहे. या बेटाचा संघ १९२४ मध्ये शेजारच्या अरुबाविरुद्ध पहिला सामना खेळला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये तो उतरला आणि तुर्कस्तानकडून २-१ असा हरला. त्या काळातला गोलरक्षक एर्गिलिओ हाटो याचेच नाव आज राजधानी विलेमस्टॅडच्या मुख्य मैदानाला आहे. १९५४ मध्ये डच राजसत्तेखालच्या सहा बेटांना मिळून ‘नेदरलँड्स अँटिल्स’ म्हणून स्वायत्तता मिळाली आणि संघही पुढे त्याच नावाने खेळू लागला. १९६३ आणि १९६९ या दोन्ही कॉनकॅकॅफ (उत्तर-मध्य अमेरिका आणि कॅरिबियनची फुटबॉल संघटना) अजिंक्यपद स्पर्धांत तो तिसरा आला. १९८६ मध्ये अरुबा वेगळे झाले, १० ऑक्टोबर २०१० रोजी अँटिल्सचे विसर्जन झाले, आणि फिफाने अँटिल्सचे सदस्यत्व व जुनी सगळी नोंद क्युरासाओच्या नावावर केली. २०११ ही फक्त पाटी बदलल्याची तारीख. २०१४ मध्ये पालघर वेगळा निघाला म्हणून ठाणे जिल्हा २०१४ साली स्थापन झाला, असे कोणी लिहीत नाही.

आता राहून गेलेला मुद्दा. लेखात ‘बेटाच्या मातीत घडलेली पोरे’ असे शब्द आहेत. वाचायला छान, पण खरे नाहीत. सध्याच्या संघातील बहुतेक खेळाडू नेदरलँड्समध्ये जन्मले आणि तिथल्याच अकादम्यांत वाढले. कर्णधार लिआंद्रो बाकुना आणि त्याचा भाऊ जुनिन्हो ग्रोनिंगेनचे, गोलरक्षक एलॉय रूम नाइमेगेनचा. ताहिथ चाँग विलेमस्टॅडमध्ये जन्मला खरा, पण लहानपणीच फेयनूर्ड या डच क्लबच्या अकादमीत गेला आणि तिथून मँचेस्टर युनायटेडकडे. सिंधुदुर्गाचा संघ निवडायचा आणि त्यातली बहुतेक मुले डोंबिवली-ठाण्यात जन्मलेली, आजोबांचे घर तेवढे गावाला, असा हा प्रकार आहे. कारणही ओळखीचेच. बेटाची अर्थव्यवस्था शेल कंपनीच्या तेलशुद्धीकरण कारखान्याभोवती उभी होती आणि १९८५ मध्ये शेलने तिथून अंग काढून घेतले. पासपोर्ट डच असल्याने नेदरलँड्सला जायला व्हिसा लागत नाही. माणसे पोटापाण्यासाठी गेली, मुले तिकडे वाढली. (आणि बेटावर मागे राहिलेल्या मुलांचा जीव फुटबॉलइतकाच बेसबॉलमध्ये असतो; अमेरिकेत गाजलेला अँड्रू जोन्स तिथलाच.)

अशा खेळाडूला संघात घेणे म्हणजे नुसता फोन करून बोलावणे नव्हे. डच पासपोर्टवर नेदरलँड्स, अरुबा आणि क्युरासाओ असे तीन संघ खेळू शकतात, म्हणून फिफाला पासपोर्टशिवाय आणखी एक धागा लागतो: खेळाडू स्वतः, आई-वडिलांपैकी कोणी किंवा आजी-आजोबांपैकी कोणी त्या प्रदेशात जन्मलेले हवे, नाहीतर ठरावीक वर्षांचे वास्तव्य हवे. म्हणजे पहिली शोधाशोध मैदानावर होत नाही, आजीच्या जन्मदाखल्यासाठी होते. खेळाडू आधी नेदरलँड्सच्या युवा संघाकडून अधिकृत स्पर्धेत खेळला असेल, तर संघ बदलण्याचा रीतसर अर्ज फिफाकडे करावा लागतो. इथे बऱ्याच देशांचे अर्ज अडतात, कारण जुन्या संघाकडून पहिला अधिकृत सामना खेळताना नव्या देशाचे नागरिकत्व आधीच असावे लागते. क्युरासाओला ही अट कधी टोचत नाही, कारण दोन्हीकडचे नागरिकत्व जन्मापासून एकच. शिवाय २०२० पासून नियम सैल झाला. वरिष्ठ संघाकडून जास्तीत जास्त तीन सामने, तेही वयाची एकवीस वर्षे पूर्ण होण्याआधी, खेळलेल्यालाही तीन वर्षे थांबून संघ बदलता येतो. मात्र त्यांतला कुठलाही सामना विश्वचषकाच्या किंवा खंडीय स्पर्धेच्या मुख्य फेरीतला नको.

ही मोट बांधायला दहा वर्षे लागली. २०१५ मध्ये नेदरलँड्सचा गाजलेला माजी खेळाडू पॅट्रिक क्लायव्हर्ट प्रशिक्षक झाला. त्याची आई क्युरासाओची, त्यामुळे नेदरलँड्समधल्या मुलांच्या घरी त्याच्या शब्दाला वजन होते. २०१७ मध्ये रेम्को बिसेंटिनीच्या हाताखाली संघाने जमैकाला २-१ असे हरवून कॅरिबियन चषक जिंकला. दोन्ही गोल एल्सन होईचे. २०१९ मध्ये कॉनकॅकॅफच्या गोल्ड कपची उपांत्यपूर्व फेरी गाठली आणि अमेरिकेशी एका गोलने हरला. २०२१ मध्ये संघात कोविड शिरल्याने त्याच स्पर्धेतून माघार घ्यावी लागली. २०२४ च्या सुरुवातीला डिक अ‍ॅडव्होकाट प्रशिक्षक म्हणून आला.

आपल्या लेखात हे बेट ‘भारतीयांनी नावही न ऐकलेले’ आहे. ५ जून २०१९ रोजी थायलंडच्या बुरिराम येथे किंग्ज कपमध्ये भारत याच संघाकडून ३-१ असा हरला होता. इगोर स्टिमाचचा प्रशिक्षक म्हणून तो पहिला सामना, आणि सुनील छेत्रीचा १०८ वा, म्हणजे बायचुंग भुतियाचा विक्रम मोडणारा. चारही गोल पहिल्या ३५ मिनिटांत झाले. आपला एकमेव गोल छेत्रीच्या पेनल्टीवर. पुढे क्युरासाओने अंतिम सामन्यात व्हिएतनामला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून तो चषकही नेला.

स्पर्धेच्या रचनेनेही हात दिला, हे लिहायला हवे होते. यजमान म्हणून अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा पात्रता फेरीतच नव्हते. २०२२ साठी कॉनकॅकॅफच्या तीन थेट जागा नेमक्या याच तिघांनी घेतल्या होत्या. या वेळी ते बाहेर असूनही थेट जागा तीनच राहिल्या, आणि त्या पनामा, हैती व क्युरासाओने मिळवल्या. कोस्टा रिका आणि होंडुरास मागे पडले. म्हणून हे यश फुकटचे ठरत नाही. पण २०२२ च्या वेळी याच संघाला याच जागेसाठी या तिघांपैकी एकाला तरी मागे टाकावे लागले असते.

पात्रता गटातला हिशेब तर कुणाही स्पर्धा-आयोजकाने फळ्यावर मांडावा असा. चार सामन्यांनंतर जमैका ९, क्युरासाओ ८. १३ नोव्हेंबर २०२५ रोजी क्युरासाओने बर्म्युडात ७-० असा विजय मिळवला आणि जमैका त्रिनिदादमध्ये १-१ बरोबरीत अडकला. गणित उलटले: ११ विरुद्ध १०. त्यामुळे १८ नोव्हेंबरला किंग्स्टनमध्ये क्युरासाओला नुसती बरोबरी पुरत होती. अ‍ॅडव्होकाट कौटुंबिक कारणाने तिथे नव्हता. जमैकाचे तीन फटके गोलच्या चौकटीवर आदळले. भरपाई वेळेत त्यांना मिळालेली पेनल्टी व्हिडिओ तपासणीनंतर पंचांनी मागे घेतली. ०-० वर सामना संपला, आणि लोकसंख्येने आइसलँडहूनही लहान देश पहिल्यांदा विश्वचषकात गेला. २०११ च्या जनगणनेतल्या ठाणे शहराशी तुलना केली, तर बेटाची वस्ती साधारण बारावा हिस्सा.

त्याच तारखेला भारत ढाक्यात बांगलादेशकडून ०-१ असा हरला. बांगलादेशच्या मधल्या फळीत इंग्लंडमध्ये जन्मलेला, लेस्टर सिटी क्लबमध्ये वाढलेला हमझा चौधरी होता. आई बांगलादेशी, आणि तो देश दुहेरी नागरिकत्व मान्य करतो. आपल्याकडे ते चालत नाही. परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर भारताकडून खेळता येत नाही. ऑस्ट्रेलियात वाढलेल्या रायन विल्यम्सने तिकडचा पासपोर्ट सोडून भारतीय नागरिकत्व घेतले, तरी संघबदलाची परवानगी वेळेत न आल्याने त्याला तो सामना खेळता आला नाही. त्याच्या आईचे घराणे मुंबईचे. मथळ्यात दीडशे कोटी मोजायचेच असतील, तर ढाक्यातला हा फरक आधी मोजावा. दुहेरी नागरिकत्व द्यावे की नाही, हा वेगळा वाद आहे आणि त्याला फुटबॉलपलीकडची कारणे आहेत. पण क्युरासाओच्या कथेत नागरिकत्व हाच कणा असताना ‘जिद्द’ आणि ‘माती’ यांवर तीन रकाने खर्च झाले.

जाता जाता, लेखासोबतच्या तक्त्यात जमैकाचे गुण १२ छापले आहेत. ते ११ हवेत, १२ क्युरासाओचे. दोघांचे गुण समान असते तर गोलफरकाचा प्रश्न आला असता आणि लेखातले ‘एका गुणाने’ हे शब्द तिथेच चुकले असते. दुरुस्ती छापावी ही विनंती.

आपला,
एक वाचक, नेरुळ, नवी मुंबई