शंभर चेंडू आणि ऑगस्ट महिना

लीड्स,
सप्टेंबर २०२५

ती. आई आणि ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही "ती तुमची शंभर चेंडूंची थेरं" असं म्हणालात आणि मला तोंड उघडायच्या आत फोन आईकडे दिलात. म्हणून हे पत्र. नाहीतरी फोनवर आपल्या दोघांचं क्रिकेट भांडणावरच जातं आणि आईला मध्ये पडावं लागतं. लिहिताना निदान माझं वाक्य तरी पूर्ण होईल.

आधी इथल्या 'द हंड्रेड' स्पर्धेतला हा खेळ कसा आहे ते सांगते, कारण तुमचा निम्मा राग ऐकीव आहे. ओव्हर नाही, हे खरं. पाच-पाच चेंडूंचे वीस संच. पाच झाले की अंपायर पांढरं कार्ड वर करतो. बोलर रंगात असेल तर कॅप्टन त्यालाच लगेच पुढचे पाच देऊ शकतो, म्हणजे सलग दहा. एका टोकाकडून दहा पडले की टोक बदलायचं. एका बोलरला अख्ख्या डावात जास्तीत जास्त वीस. पहिले पंचवीस चेंडू पॉवरप्ले. अडीच तासांत दोन्ही डाव आटोपतात. झेल उडालेला असताना बॅट्समन एकमेकांना ओलांडून गेले तरी स्ट्राइक नव्या माणसानंच घ्यायचा, हे आधी इथे सुरू झालं. ऑक्टोबर २०२२ पासून एमसीसीनं (क्रिकेटचे कायदे लिहिणारा लंडनचा क्लब) ते कायद्यात घातलं आणि आता टेस्टमध्येही तसंच चालतं (ओव्हर संपली असेल तर गोष्ट वेगळी). तुम्ही ते टीव्हीवर मुकाट्यानं बघता, तेव्हा तुम्हाला त्यात थेर दिसत नाही.

मला त्यातले सलग दहा चेंडू खरंच आवडतात. एखादी स्पिनर पहिल्या पाचात बॅटरला बांधून ठेवते, कॅप्टन तिला थांबू देते आणि पुढच्या पाचात स्टम्पिंग मिळतं. टी-ट्वेंटीत सहा चेंडू झाले की तिला बाजूला व्हावं लागतं. बोलरला थोडा अवकाश देणारा नियम या सगळ्या गोंगाटात कसा काय शिरला, याचं मला नवल वाटतं.

तुम्ही बापू नाडकर्णींचं उदाहरण देणार हे मला माहीत आहे. १९६४ ची मद्रास टेस्ट, ३२ ओव्हर, २७ मेडन, ५ धावा, विकेट शून्य. सलग १३१ चेंडू निर्धाव. म्हणजे इथला पूर्ण डाव संपून वर एकतीस चेंडू उरले असते! पण बाबा, बापूंचा तो स्पेल टी-ट्वेंटीतही बसत नाही आणि वन-डेतही नाही. मग सगळा दोष एकट्या शंभराच्या माथी कशाला? टी-ट्वेंटीचा डाव १२० चेंडूंचा, हा १०० चा. वीस चेंडूंनी खेळाचा आत्मा कसा जाईल? आणि तो गेलाच असेल, तर १९६३ साली इथे ६५ ओव्हरची जिलेट कप सुरू झाली तेव्हापासूनच जायला लागलेला असणार. १९६९ ला रविवारची ४० ओव्हरची लीग आली, २००३ ला टी-ट्वेंटी आली. दर वेळी कोणीतरी खेळाचं मर्तिक उरकून घेतलं. १९७५ च्या वर्ल्ड कपात लॉर्ड्सवर गावसकरांनी साठ ओव्हर खेळून १७४ चेंडूंत नाबाद ३६ केले, ते तुम्ही मला लहानपणी जवळजवळ कौतुकानंच सांगायचात. आठच वर्षांनी त्याच लॉर्ड्सवर आपण वर्ल्ड कप जिंकलो, तेव्हा 'छोटं क्रिकेट' गोड लागलंच की.

तेव्हा चेंडू कमी झाल्यानं तंत्र बिघडतं, या तुमच्या मुद्द्याशी मी सहमत नाही. जूनमध्ये इथे लीड्सच्या हेडिंग्ले मैदानावर आपल्या पोरांनी एका टेस्टमध्ये पाच शतकं ठोकली. पंतनं तर दोन्ही डावांत. यशस्वी पहिल्याच दिवशी शतक करून गेला. ही सगळी आयपीएलच्या हंगामातून थेट इकडे आलेली मुलं. (हरलो, ते सोडा. इंग्लंडनं शेवटच्या दिवशी ३७१ चा पाठलाग केला. ऑफिसात दुसऱ्या दिवशी मला काय काय ऐकावं लागलं ते मी तुम्हाला सांगणार नाही.) आणि ती मालिका २-२ वर सुटेपर्यंत पाचही टेस्ट पाचव्या दिवशी गेल्या. लंडनच्या ओव्हलवर इंग्लंडचा जखमी वोक्स एक हात स्वेटरच्या आत बांधून मैदानात उतरला, तेव्हा इथे ट्रेनमध्ये लोक मोबाइलवर स्कोअर बघत उभे होते. टेस्टला माणसं नाहीत असं निदान या देशात तरी म्हणवत नाही.

आई, आता तुझ्याशी बोलते. तुला तर ही स्पर्धा आवडायलाच हवी. २१ जुलै २०२१ ला ओव्हलवर तिचा पहिलाच सामना झाला आणि तो बायकांचा होता. पुरुषांचा दुसऱ्या दिवशी. आयोजकांनी हे मुद्दाम केलं, आणि बरोबर केलं. एकाच तिकिटावर दुपारी बायकांचा सामना, संध्याकाळी पुरुषांचा. बक्षिसाची रक्कम सारखी. पगार मात्र सारखे नव्हते. पहिल्या वर्षी पुरुषांना एक लाख पौंडांपर्यंत आणि बायकांना जास्तीत जास्त पंधरा हजार, म्हणजे समानता बक्षिसापाशीच येऊन थांबली होती. पण त्या वर्षीच्या अंतिम सामन्याला लॉर्ड्सवर सतरा हजार माणसं बायकांचं क्रिकेट बघायला बसली होती. सांगलीजवळच्या माधवनगरची आपली स्मृती मानधना साउथॅम्प्टनच्या संघाकडून खेळली. जेमिमा आमच्या लीड्सकडून. जेमिमाच्या पहिल्या मॅचला आम्ही हेडिंग्लेला होतो, ओवी सहा वर्षांची होती. वीसच्या आत चार बाद, समोर १३१ चं लक्ष्य, आणि ही बाई ४३ चेंडूंत नाबाद ९२ करून मॅच काढते! २०२३ चा अंतिम सामना तर स्मृतीचा संघ विरुद्ध जेमिमाचा संघ असा झाला आणि ओवीला कोणाची बाजू घ्यावी ते कळेना. आमच्याकडे सांगलीनं लीड्सला हरवलं असंच त्याचं वर्णन झालं.

ओवी आता क्लबात खेळते. तिच्या वयाच्या मुलींचा वेगळा संघ करण्याइतक्या मुली येतात. या मुली सगळ्या शंभर चेंडूंमुळे आल्या असं मी म्हणणार नाही, पण टीव्हीचा भाग त्यात मोठा आहे. इथे २००५ ची ॲशेस (इंग्लंड-ऑस्ट्रेलियाची टेस्ट मालिका) चॅनल फोरवर फुकट दिसली आणि त्यानंतर घरची टेस्ट बघायची तर पैसे भरून स्काय घ्यायचं, असा सगळा मामला. एक अख्खी पिढी क्रिकेट न बघता वाढली. माझ्या ऑफिसातल्या तिशीतल्या इंग्रज मुलांना फुटबॉलचा बारावा राखीव खेळाडू माहीत असतो, पण इंग्लंडचा ओपनर सांगता येत नाही. या स्पर्धेचे काही सामने बीबीसीवर फुकट दिसू लागले, हे खरं औषध.

पण आई, इथेच माझी खरी तक्रार सुरू होते. फुकट टीव्ही, एका तिकिटावर दोन सामने, बायकांना मोठं मैदान, यातल्या एकाही गोष्टीला शंभर चेंडूंची गरज नव्हती. हे सगळं टी-ट्वेंटीत करता आलं असतं. अठरा कौंट्यांची, म्हणजे इथल्या परगण्यांच्या संघांची, टी-ट्वेंटी स्पर्धा इथे होतीच. पण बोर्डाला अठरा नकोत, सात शहरांचे आठ संघ हवे होते, आणि टीव्हीवाल्यांना विकायला काहीतरी नवीन हवं होतं. म्हणून नवा आकडा निघाला. इतक्या वर्षांत दुसऱ्या कुठल्या मोठ्या देशानं तो उचलला नाही, यातच काय ते आलं. आणि शर्टांवर काय, तर बटाट्याच्या चिप्सच्या जाहिराती. लहान मुलांसाठीचा खेळ म्हणायचं आणि छातीवर चिप्स!

आता बाबा, तुम्ही ज्या दिशेनं बोलत होता तिकडे मी वळते, पण वेगळ्या वाटेनं. नुकसान चेंडूंनी केलं नाही, तारखांनी केलं. या स्पर्धेसाठी इंग्लंडनं जवळजवळ पूर्ण ऑगस्ट देऊन टाकला. इंग्लंडमध्ये उन्हाचे, कोरड्या पिचचे, मुलांना शाळेला सुट्टी असण्याचे जे काही आठवडे असतात ते हेच. २०२३ ला ॲशेस ३१ जुलैला संपवली आणि १ ऑगस्टला शंभर चेंडू सुरू. यंदा ओव्हलवर सिराजनं ४ ऑगस्टला सहा धावांनी मॅच काढून दिली आणि ५ ऑगस्टला लॉर्ड्सवर पुन्हा तेच. पाच टेस्ट साडेसहा आठवड्यांत कोंबल्या त्या कशासाठी, हे यावरून कळतं.

कौंटी चॅम्पियनशिप तर अधिकृतपणे १८९० पासूनची स्पर्धा. ती आता एप्रिलच्या गारठ्यात सुरू होते, ऑगस्टमध्ये बहुतेक काळ बंद असते आणि सप्टेंबरात दव पडायला लागल्यावर पुन्हा उघडते. ओल्या, हिरव्या पिचवर ताशी ७५ मैलांचा मध्यमगती बोलर विकेटी घेतो. खऱ्या वेगाची गरज पडत नाही आणि स्पिनरला तर कोणी चेंडूच देत नाही. शोएब बशीरला इंग्लंडनं भारतात टेस्टला उतरवलं तेव्हा त्याचे प्रथम श्रेणी सामने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. तयार स्पिनर मिळणार कुठून? तुम्ही १९७१ च्या ओव्हलची गोष्ट सांगता ना, चंद्रशेखर ३८ धावांत ६, इंग्लंड १०१ ला खलास, चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातून आणलेली हत्तीण मैदानात आणि त्या दिवशी गणेशचतुर्थी. वाडेकरांच्या संघानं ती मॅच २४ ऑगस्टला जिंकली. त्या आठवड्यात यंदा कौंटीचा चार दिवसांचा एकही सामना झाला नाही. चंद्रशेखरसारखा कोणी इथल्या एखाद्या कौंटीत वाढत असेल, तर त्याच्या मतलबाचं पिच ज्या महिन्यात मिळतं त्या महिन्यात तो घरी बसलेला असतो, नाहीतर वीस चेंडू टाकून परत येतो.

ऑगस्टमध्ये पन्नास ओव्हरची वन-डे कप चालते, पण आठ संघांनी चांगले खेळाडू उचलल्यावर उरलेल्यांची. पृथ्वी शॉनं २०२३ ला नॉर्थम्प्टनशायरकडून २४४ केले तेव्हा तुम्ही किती खूश होता! मीही होते. पण समोरच्या सॉमरसेटची बरीच नेहमीची मंडळी त्या वेळी शंभर चेंडूंच्या संघांत होती. हा डाव त्यानं कोणाविरुद्ध खेळला हे विचारावंसं वाटणं, हीच त्या स्पर्धेची दशा. तरी मला ती आवडते. यॉर्कशायर तेव्हा यॉर्कला किंवा स्कारबरोला खेळतं, छोटी मैदानं, डब्यातून आणलेली सँडविचं, म्हातारी माणसं स्कोअरबुक भरत बसलेली. तुमचं तिथे मस्त जमेल. यंदा ऋतुराज यॉर्कशायरला येणार होता, मी कॅलेंडरवर खुणाही केल्या होत्या, पण वैयक्तिक कारणानं तो आलाच नाही.

आणि पैसा. यंदा आठही संघांतले हिस्से विकले. सगळ्यांची मिळून किंमत धरली ९७ कोटी पौंडांच्या आसपास, आणि त्यातून ५० कोटींहून अधिक इंग्लंडच्या क्रिकेटकडे येणार. ओव्हलच्या संघात आयपीएलचे मुंबई इंडियन्सवाले, मँचेस्टरमध्ये लखनौवाले. आमचा लीड्सचा संघ तर पूर्णच्या पूर्ण आयपीएलच्या हैदराबाद संघाच्या मालकांनी, चेन्नईच्या सन ग्रुपनं घेतला. यॉर्कशायर कर्जात बुडालेलं होतं, त्यातून ते वर आलं, हे मान्य करायलाच हवं. याच यॉर्कशायरनं १९९२ पर्यंत परदेशी खेळाडूला कधी संघात खेळवलं नव्हतं. पहिला मान मिळाला तो आपल्या सचिनला. कौंट्या या पैशांनी पोरं घडवतील, पिचं सुधारतील, की पगार वाढवून दोन वर्षांत उडवतील, ते बघायचं. नव्या मालकांना आपापला टी-ट्वेंटीचा धंदा माहीत आहे, त्यामुळे शंभराचे पुन्हा १२० झाले तर मला आश्चर्य वाटणार नाही. मात्र ऑगस्ट कोणी परत देईल असं दिसत नाही.

बाकी इकडे सगळं ठीक. बाबा, गुडघ्याचा एक्सरे काढलात का? आई लपवते आहे असा मला दाट संशय आहे. महिनाअखेरीस महिलांचा वर्ल्ड कप सुरू होतोय आपल्याकडेच, तेव्हा टीव्हीचा रिमोट आईच्या हातात राहील याची काळजी घ्या.

पुढच्या वर्षी तुम्ही दोघांनी यायचंच, हे ठरलेलं. पण तारखा तुम्हीच सांगा. बाबांना चार दिवसांची कौंटी मॅच बघायची तर मे महिन्यात यावं लागेल, दोन स्वेटर आणि कानटोपी घेऊन, आणि गुडघ्याला ती थंडी सोसेल का हे डॉक्टरांना विचारून. आईला बायकांचे सामने आणि ऊन दोन्ही हवं असेल तर ऑगस्ट. तिकिटं आत्ताच बघितली तर स्वस्त पडतात, म्हणून दसऱ्याच्या आत दोघांचं एकमत करून कळवा.

तुमची,
मनू

ता. क. ओवीनं तुम्हाला नमस्कार सांगितलाय. आणि बाबा, मे महिन्यात आलात तर तिच्या शनिवारच्या सरावाला तुम्हीच घेऊन जायचं, असं तिनं परस्पर ठरवूनही टाकलंय.